घरी कोण आहे, हे विचारणारा पदवीधर

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात काणकोण तालुक्यातील एक विद्यार्थिनी प्रवेशाचे दोन अर्ज घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. एक अर्ज नर्सिंगचा होता आणि दुसरा समाजकार्याच्या पदवीचा. तिच्या वडिलांचे मूत्रपिंड निकामी झाले असून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागत असे, आणि अकरावीपासून त्यांच्यासोबत ती जात होती. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा नेमके काय सांगतो आणि पाणी मोजून का प्यायचे, हे तिला समजून घ्यायचे होते. वडिलांच्या शेजारच्या खाटेवर येणारा माणूस मध्येच यायचा का थांबतो, त्याच्या घरी काय घडलेले असते, हेही तिला तितक्याच आस्थेने जाणून घ्यायचे होते. ‘दोन्ही एकत्र शिकता येणार नाही का?’ असे तिने विचारले, तेव्हा ‘नाही, एक काहीतरी निवडावे लागेल’ असे उत्तर मी दिले. ते उत्तर नियमांना धरून होते. पण ते बरोबर नव्हते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे, आणि त्यामुळेच हा लेख लिहीत आहे.

गोवा विद्यापीठाच्या छत्राखाली आरोग्यविज्ञान आणि समाजकार्य यांची एकत्रित पदवी सुरू व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्राची एक प्रश्नपत्रिका असते आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आरोग्यावरचा एखादा पेपर असतो. मला अभिप्रेत असलेली पदवी त्याहून वेगळी आहे. शरीर कसे बिघडते आणि घर कसे बिघडते, या दोन्हींचे शिक्षण त्याच विद्यार्थ्याला, त्याच वर्षांत आणि त्याच रुग्णांच्या सहवासात मिळाले पाहिजे.

हे मत केवळ विचार करून बनलेले नाही. मागच्या पावसाळ्यात नात्यातील एका वृद्ध बाईंच्या सोबतीला मी आठ दिवस एका रुग्णालयात राहिलो. समोरच्या खाटेवर साठी ओलांडलेली एक बाई होती. मधुमेह आणि पायाची न भरणारी जखम, असे तिचे दुखणे होते. तिला घरी सोडण्याच्या दिवशी तरुण निवासी डॉक्टरांनी तिच्या हातात इन्सुलिनची कुपी, सिरिंजा आणि इंग्रजीत छापलेला आहाराचा तक्ता दिला. औषध फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी टोचून घ्यायचे, असे त्यांनी नीट आणि अदबीने सांगितले. बाईने मान डोलावली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर तिने मला हळूच विचारले की, फ्रिज नसला तर काय करायचे. तिच्या घरी फ्रिज नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, पण मेरेच्या, म्हणजे जमिनीच्या हद्दीच्या, तंट्यावरून त्या घराशी सहा वर्षे बोलणे बंद होते. मुलगा बोटीवर होता, मुलगी बेळगावला दिलेली. सिरिंजवरच्या बारीक रेघा तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हत्या. शिवाय श्रावण तोंडावर आला होता आणि सोमवारचे उपवास ती लग्नाआधीपासून करत होती.

तिच्या हातातील तक्त्यावर ओट्स आणि ब्राऊन ब्रेड लिहिलेले होते. सकाळी दहाच्या सुमाराला ती जे खात असे ती उकड्या तांदळाची पेज आणि खारातल्या आंब्याची फोड. त्या पेजेचे काय करायचे, किती घ्यायची, सोबत काय घ्यायचे, याबद्दल तक्त्यात अवाक्षर नव्हते. यात डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढे त्या सकाळी आणखी कितीतरी खाटा होत्या.

हा प्रसंग मी इतक्या तपशिलाने सांगतो त्याला कारण आहे. अशा वेळी ‘डॉक्टर आणि समाजसेवक यांनी मिळून काम करावे’ असे आपण म्हणतो आणि प्रश्न सुटला असे मानतो. पण इथे दोघे स्वतंत्रपणे आले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. इन्सुलिनविषयी काही न शिकलेल्या समाजसेवकाने फ्रिजसाठी एखाद्या योजनेचा अर्ज भरला असता किंवा शेजाऱ्यांशी समेट घडवण्याचा खटाटोप केला असता. घरभेटीचे शिक्षण नसलेल्या परिचारिकेने ‘फ्रिज घ्यावाच लागेल’ असे बजावले असते, आणि मेरेचा तंटा तिच्या कानावर कधी आलाच नसता, कारण त्या वयाची बाई असली गोष्ट पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला सहसा सांगत नाही. वापरायला काढलेली कुपी साधारण चार आठवडे उन्हापासून दूर, घरातल्या थंड जागी राहू शकते, आणि फार उकाडा असेल तर ओल्या मातीच्या मडक्यात ती सांभाळता येते, हे ज्याला ठाऊक आहे आणि शेजारी का जाता येत नाही हेही ज्याने ऐकून घेतले आहे, त्यालाच या अडचणीवरचा सोपा मार्ग दिसतो. उपवासाच्या दिवशी नेहमीचाच डोस घेतला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, ही वैद्यकातली गोष्ट आहे. ‘उपवास सोडा’ म्हणण्याऐवजी तो कसा करायचा याची बोलणी करणे ही समाजकार्यातली. ही दोन ज्ञाने दोन डोक्यांत राहिली तर त्यांची गाठ पडेलच असे नाही, आणि वॉर्डातल्या घाईत ती बहुधा पडत नाही.

आजाराला घर आणि समाज असतो, ही समज नवी नाही. १८४८ साली सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करायला गेलेला रुडॉल्फ फिर्खो हा जर्मन वैद्य तिथली गरिबी, अज्ञान आणि राज्यकारभार यांनाच साथीचे कारण ठरवून परतला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ मध्ये रुग्णांच्या घरच्या परिस्थितीकडे पाहणारी माणसे नेमली गेली. आपल्याकडे मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्याच वर्षी भोर समितीने देशातल्या प्रत्येक डॉक्टरला ‘सामाजिक वैद्य’ बनवणारे तीन महिन्यांचे शिक्षण सुचवले होते. त्या सूचनेतून वैद्यकीय महाविद्यालयांत एक विभाग आणि परीक्षेचा एक विषय उभा राहिला, पण सामाजिक वैद्य काही उभा राहिला नाही. याचे कारण मला संस्थांच्या रचनेत दिसते. वैद्यक एका परिषदेकडे गेले, नर्सिंग दुसऱ्या परिषदेकडे, आणि समाजकार्य कला शाखेच्या आसपास कुठेतरी राहिले. महाराष्ट्रात तर १९९८ नंतर आरोग्यशिक्षणाचे विद्यापीठच नाशिकला वेगळे झाले.

गोव्याची स्थिती इथे वेगळी आहे, आणि ती आपण पुरेशी ओळखलेली नाही असे मला वाटते. पोर्तुगीज अमदानीत १८४२ मध्ये सुरू झालेली वैद्यकीय शाळा पुढे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली. हे गोमेकॉ आजही गोवा विद्यापीठाशीच संलग्न आहे. पणजीच्या डॉन बॉस्को महाविद्यालयातील समाजकार्याची पदवी याच विद्यापीठाची. मनोरुग्णांवर उपचार करणारी मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था बांबोळीलाच आहे, आणि ताळगावच्या पठारावरचे विद्यापीठ तिथून काही किलोमीटरवर. दुसऱ्या राज्यांत जे जोडायला दोन विद्यापीठांचे करार आणि दोन मंत्रालयांची संमती लागेल, ते इथे एकाच विद्या परिषदेच्या बैठकीत मांडता येते. लहान राज्य असण्याचे तोटे आपण रोज बोलून दाखवतो. त्याचा हा फायदा आपण घ्यायला हवा.

आणि गरज तर इथे इतरांहून अधिक आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती आणि सर्व राज्यांत गोवा सर्वांत वर होता. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांचा वाटा गोव्यात ११.२ टक्के होता, केरळच्या खालोखाल. जन्मदर इतका खाली आला आहे की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो एका स्त्रीमागे १.३ अपत्ये असा नोंदला गेला. या आकड्यांमागची घरे आपल्या ओळखीची आहेत. मोठे अंगण, कुलूपबंद खोल्या, परदेशी किंवा बोटीवर गेलेली मुले आणि माडीखालच्या खोलीत राहणारे दोन म्हातारे, त्यातले एक मधुमेही आणि दुसरे विसरभोळे. त्यांच्या दुखण्यावरची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. ती गोळी घेतली की नाही हे पाहणारा माणूस मात्र मिळत नाही. देशभर गावोगावी काम करणाऱ्या आशा स्वयंसेविकांची योजना गोव्यात राबवली गेली नाही, त्यामुळे दवाखाना आणि उंबरठा यांच्यामधला दुवा इथे मुळातच कमकुवत आहे.

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी धडा गोव्यातूनच जगाला मिळाला, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने नैराश्य आणि चिंताविकार यांवर गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी ठरावीक पद्धतीने बोलणे, त्यांना आजार समजावून सांगणे, पाठपुरावा करणे हे काम केले, आणि सरकारी केंद्रांतील रुग्णांमध्ये त्याचा स्पष्ट गुण दिसला. पुढे नैराश्यासाठी आणि पुरुषांमधील घातक मद्यपानासाठी अशाच छोट्या समुपदेशनाच्या पद्धती त्यांनी गोव्यातील आरोग्य केंद्रांत तपासल्या आणि त्यांचाही उपयोग सिद्ध झाला.

इथे कोणी विचारील की, काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाने हे साधत असेल तर चार वर्षांची पदवी हवी कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. हे समुपदेशक एकटे सोडलेले नव्हते. त्यांच्या कामावर जाणत्यांची सतत देखरेख होती, कठीण रुग्ण पुढे कुणाकडे पाठवायचा हे ठरलेले होते, आणि त्या सगळ्यामागे संशोधन प्रकल्पाची शिस्त होती. प्रकल्प संपल्यावर ही देखरेख कोण करणार? आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी बाह्यरुग्ण विभागात बुडालेला असतो आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारीच येतो. समुपदेशकांना शिकवणारा, त्यांच्या नोंदी वाचणारा, मद्यपी माणसाचे यकृत कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्याच्या बायकोला घरी धोका आहे का, हे दोन्ही एका बैठकीत ताडणारा माणूस केंद्रात कायमचा हवा. मी ज्या पदवीबद्दल बोलतो आहे ती अशा माणसाची पदवी आहे.

वैद्यकीय ज्ञान आणि समाजाची जाण एकमेकांपासून तुटली की काय होते, याचे गोव्यातले सर्वांत दुःखद उदाहरण १९८९ चे आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करणारा. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला, तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार त्याला पोलिसांकरवी ताब्यात घेतले गेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याच्या आईला न्यायालयात जावे लागले. हा विषाणू स्पर्शाने, एकत्र जेवण्याने, शेजारी बसल्याने पसरत नाही, हे विज्ञानाला तोवर चांगले माहीत होते. तरीही कायदा साथीच्या रोगाला शोभेल असा लिहिला गेला, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या साखळीत एकही माणूस असा नव्हता, की ज्याला विषाणूही कळतो आणि कोंडून घातल्यावर माणसाचे, त्याच्या आईचे आणि गावाचे काय होते हेही कळते. अशा बंदोबस्ताच्या भीतीने इतर माणसे तपासणीलाच येणार नाहीत, म्हणजे रोग आटोक्यात येण्याऐवजी लपेल, हा निष्कर्ष काढायला विज्ञान आणि समाजकार्य दोन्ही लागतात. डॉमिनिकने सुटकेनंतर रुग्णांसाठी उभे केलेले काम ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेच्या रूपाने पुढे चालले, आणि १९९२ मध्ये तो गेला. आपल्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण वर्गात शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाची गोष्टही अशीच आहे. २०१५ पासून तिथे हा रोग दिसू लागला. जंगलातल्या गोचिडीमुळे तो होतो, म्हणून ‘हंगामात जंगलात जाऊ नका’ असा सल्ला दिला जातो. पण गोचिडीचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच. वर्षाचा बराचसा पैसा ज्या तीन महिन्यांत हाती येतो, त्या महिन्यांत बागायतीत जाऊ नका, असे सांगून कोणी ऐकणार नाही. अंगाला तेल लावून, अंगभर कपडे घालून जायचे, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची आणि ताप आला की त्याच दिवशी वाळपईला यायचे, हे गावातल्या बायकांच्या गटाशी बसून ठरवावे लागते.

आता अभ्यासक्रमाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा मार्ग खुला केला. पहिल्या मुभेवर माझा फारसा भर नाही, कारण त्याने एकाच पोराच्या पाठीवर दोन दप्तरे येतात, ज्ञान एकत्र होत नाही. चार वर्षांच्या पदवीत मात्र खरी संधी आहे. शरीररचना, शरीरक्रिया, औषधांची मूलतत्त्वे, साथरोगशास्त्र आणि आकडेशास्त्र एका बाजूला; व्यक्तिसाहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, कायदा आणि कुटुंबाचा अभ्यास दुसऱ्या बाजूला. या विषयांची यादी करणे सोपे आहे. खरा कस क्षेत्रकार्यात लागेल. समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्याचे दोन दिवस संस्थेत किंवा वस्तीत जाऊन काम करण्याची, त्याची नोंद लिहिण्याची आणि ती नोंद शिक्षकासमोर वाचून तपासून घेण्याची परंपरा आहे. मला ती या क्षेत्राची सर्वांत मोलाची देणगी वाटते. आरोग्यविज्ञानाच्या शिक्षणात विद्यार्थी काही आठवड्यांनी वॉर्ड बदलतो, त्यामुळे त्याला रोग दिसतात, रुग्णाचे पुढे काय झाले ते दिसत नाही. एकत्रित पदवीत प्रत्येक विद्यार्थ्याकडे तीन-चार कुटुंबे पहिल्या वर्षी सोपवावीत आणि ती चौथ्या वर्षापर्यंत त्याच्याकडेच राहावीत. त्या घरातला मृत्यू, लग्न, कर्ज, खाण बंद पडल्याने विकलेला ट्रक, आजीचे हरवत जाणारे भान, हे सगळे त्याने पाहावे आणि प्रत्येक वर्षी नव्याने शिकलेल्या विज्ञानाच्या उजेडात पुन्हा लिहावे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम अलीकडे सुरू झाला आहे, तो चांगला आहे. पण त्यांना बोलायचे कसे, गप्प केव्हा राहायचे, ऐकलेले कुणाला सांगायचे नाही, हे शिकवणारे शिक्षक समाजकार्य विभागातूनच यावे लागतील.

भाषेचाही प्रश्न आहे. रुग्ण कोंकणीत दुखणे सांगतो, त्याची बायको मराठीत पोथी वाचते, बांधकामावरचा मजूर कन्नडमध्ये किंवा हिंदीत बोलतो, आणि केसपेपर इंग्रजीत भरला जातो. ‘घरा कोण आसा?’ एवढा साधा प्रश्न विचारल्यावर जे उत्तर मिळते ते इंग्रजी रकान्यात बसत नाही म्हणून गळून जाते. या पदवीत बोलीतून मुलाखत घेण्याची परीक्षा असावी आणि तिला गुण असावेत.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की, दोन्ही शिकलेला माणूस धड इकडचा न धड तिकडचा राहील. त्याचे उत्तर मी कामाच्या नेमकेपणात शोधतो. हा पदवीधर निदान करणार नाही आणि औषध लिहून देणार नाही. दीर्घ आजारात उपचार घरापर्यंत पोहोचवणे आणि तिथे टिकवणे, हे त्याचे काम, आणि त्या कामापुरते त्याचे विज्ञान पक्के असेल. दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि तो मला जास्त छळतो. आजही रुग्णालयातील समाजसेवकाचा दिवस योजनांचे अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती आणि शिक्के यांत सरतो. गोव्यात आरोग्यविमा आहे, सामाजिक सुरक्षेचे मानधन आहे, आणि गरजूला ते मिळवून देणे हे हलके काम मुळीच नाही. पण त्याला रुग्णाच्या उपचाराच्या चर्चेत खुर्ची नसते, कारण त्याला त्या चर्चेतली भाषा येत नाही असे गृहीत धरलेले असते. ही भाषा अवगत असलेला पदवीधर आला तर ती खुर्ची नाकारणे अवघड होईल. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय आणि मनोरुग्ण क्षेत्रातील समाजसेवकांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले आहे. मात्र कायद्यातली नोंद म्हणजे पगाराचे पद नव्हे. राज्य सरकारने सेवाभरतीच्या नियमांत हे पद आधी निर्माण करावे आणि मगच पहिली तुकडी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पद नसताना पदवी सुरू करणे ही मुलांची फसवणूक होईल.

सुरुवात मोठी नको. काणकोण, वाळपई आणि मुरगाव तालुक्यातील मजूरवस्तीजवळचे एखादे, अशी तीन आरोग्य केंद्रे, वीस विद्यार्थी, आणि गोमेकॉ व समाजकार्य विभाग यांचे मिळून सहा-सात शिक्षक एवढ्यावर पहिली चार वर्षे काढता येतील. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीने शेवटी नर्सिंगला प्रवेश घेतला. मध्यंतरी तिचा फोन आला होता. शेजारच्या खाटेवरचा तो माणूस का थांबला, हे तिने सुट्टीत त्याच्या गावी जाऊन शोधून काढले होते. डायलिसिस विनामूल्य होते, पण पहाटेची पहिली बस चुकली की रोजंदारी बुडवून सोबत येणारा भाऊ पुढच्या वेळी येईनासा झाला होता. हे तिने एका वहीत लिहून ठेवले आहे, आणि ती वही कुणाला दाखवायची, असे ती मला विचारत होती.